संसारातले सवाल : चांदोलीला एकटा जाऊ का?



या महिन्यात एकाच पत्राला उत्तर देत आहे. पत्र मोठे आहे आणि त्यातला सवाल आज पुष्कळ घरांत आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीने ते लिहिले आहे. नाव-गाव अर्थातच गाळतो.

त्या लिहितात : "माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. आयटीआय करून गॅरेजमध्ये कामाला आहे. त्याचे अब्बा दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. ते सकाळी मोपेडवर पाव-बटर विकायचे. ती मोपेड अंगणात पडून होती. याने दर रविवारी बसून ती खोलली, जोडली आणि चालू केली. आता म्हणतो, दोन दिवसांची सुट्टी घेऊन चांदोलीच्या जंगलाकडे एकटा जातो, तंबू लावून राहतो. मी नको म्हटले. शेजारच्या हाफिजसाहेबांना विचारले, तर त्यांनी एकट्याने सफर करण्याबद्दलची हदीस सांगितली. ती मी मुलाला ऐकवली. तो म्हणाला, कुरआनमध्ये जमिनीवर फिरा असे सांगितले आहे, ते का नाही ऐकवत? तेव्हापासून तो दस्तरखानावर माझ्याबरोबर बसत नाही. गॅरेज आणि घर याशिवाय दोन वर्षांत तो कुठे गेलेला नाही, वाईट संगत नाही, पगार माझ्या हातात देतो. मग हा हट्ट कुठून आला? घरात कमावणारा तोच आहे. पाठीमागे सतरा वर्षांची बहीण आहे. ती तर म्हणते, मलाही ने. आम्ही हसलो. काय करू, सांगा."

आपा, आपल्या पत्रात एक ओळ खोडलेली आहे. शाई पातळ असल्याने ती वाचता येते. मुलगा दाढी राखतो, दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, असे तुम्ही लिहिले होते. त्या ओळीकडे शेवटी येतो. आधी दीनची बाजू बघू, कारण तुम्ही दोघांनी तिचाच आधार घेतला आहे.

दोन हदीस, एकाच प्रकरणात

हाफिजसाहेबांनी सांगितलेली हदीस सहीह बुखारीत आहे. एकटेपणात काय आहे हे लोकांना माझ्याइतके कळले असते, तर कोणी स्वार रात्रीचा एकटा निघाला नसता, अशा अर्थाचे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे म्हणणे हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितले आहे. यातल्या 'रात्रीचा' या शब्दाकडे लक्ष द्या. इमाम बुखारी यांनी एकट्याने प्रवास करण्याविषयी जे छोटे प्रकरण ठेवले, त्यात या हदीसच्या अगदी शेजारी दुसरी हदीस आहे. खंदकच्या लढाईच्या वेळी शत्रूची खबर आणायला कोण जाईल, असे प्रेषितांनी विचारले, तेव्हा प्रत्येक वेळी हजरत जुबैर (रजि.) पुढे आले. त्यांना एकट्यालाच जायचे होते, आणि प्रेषितांनी त्यांची प्रशंसा केली. एका ठिकाणी सावध केले आहे, दुसऱ्या ठिकाणी गरजेसाठी एकट्याला पाठवले आहे. म्हणून अनेक विद्वानांनी ही मनाई धोका, निर्जनता आणि गरज यांच्याशी जोडून समजून घेतली आहे. माणसांची वर्दळ असलेल्या रस्त्यावरून दिवसाउजेडी जाणे आणि रात्री रानात एकटे राहणे, या दोन गोष्टी एक नाहीत. आपल्या मसलकप्रमाणे नेमके काय, ते हाफिजसाहेबांनाच पुन्हा विचारा, पण या वेळी पूर्ण सवाल विचारा : कोणता रस्ता, कोणती वेळ, मुक्काम कुठे.

मुलाचे म्हणणेही खोटे नाही. जमिनीवर फिरा आणि निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असा आदेश कुरआनमध्ये सूरह अन्कबूतमध्ये आहे. पण बेटा, ज्या प्रेषितांवर ती आयत उतरली, त्यांच्याकडे जिहादची परवानगी मागायला एक माणूस आला, तेव्हा त्यांनी आधी विचारले की तुझे आईबाप हयात आहेत का. आहेत म्हटल्यावर त्याला त्यांच्याच सेवेत मेहनत करायला सांगितले. जिहादच्या बाबतीत असे, तर सैरसपाट्याच्या बाबतीत काय ते तू समजू शकतोस. अम्मीला आयत फेकून मारायची नसते, आणि अम्मीनेही मुलाला हदीस फेकून मारायची नसते. तुम्ही दोघांनी दलील दिल्या, पण एकमेकांच्या मनात काय आहे ते विचारलेच नाही.

हा हट्ट कुठून आला?

याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. 'दोन वर्षांत गॅरेज आणि घर याशिवाय कुठे गेलेला नाही' हे तुम्ही त्याच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून लिहिले. मला त्यात विसाव्या वर्षी घराचा कर्ता झालेला मुलगा दिसतो. वडिलांच्या मयतीला लोकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले असेल, आता तूच घर सांभाळायचे. त्याने ते सांभाळले. त्याने रडून घेतले का, हे कोणी विचारले नसेल. अब्बांची मोपेड रविवार-रविवार खोलून बसणे ही त्याची आठवण काढण्याची रीत आहे. आता त्याला दोन दिवस असे हवे आहेत की ज्यात कोणी त्याला गिऱ्हाईक म्हणून, कर्ता म्हणून हाक मारणार नाही. हे मागणे हरामही नाही आणि बेजबाबदारीचेही नाही.

तुमची भीतीही बेजा नाही. पती गेल्यावर घरातले एकच माणूस रस्त्यावर निघते म्हटल्यावर कोणत्या आईला झोप लागेल? म्हणून माझे मत हे की 'हो' म्हणा, पण मोकळे 'हो' नको. अटी घाला, आणि त्या त्याच्याबरोबर बसून ठरवा. ऊंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, या अर्थाची तिर्मिजीतली हदीस आपण सगळे ऐकतो. आता दोर कसा बांधायचा ते पाहू.

चांदोली म्हणजे काय, आणि तिथे काय चालत नाही

वारणा नदीच्या वरच्या खोऱ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर हे जंगल आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत ते पसरले आहे. २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यात कास, कोयना आणि राधानगरीबरोबर चांदोलीही आहे. धरणाच्या आणि जंगलाच्या पायी इथली कित्येक गावे उठली आहेत. वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी एखाद्याचे जुने घर आता पाण्याखाली किंवा झाडीत असेल. त्यांच्याशी त्या अदबीने बोलावे.

मुलाला हे स्पष्ट सांगा : राष्ट्रीय उद्यानाच्या आत कुठेही मोपेड घालून तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाणे गुन्हा आहे, आत आग लावणे गुन्हा आहे. पावसाळ्यात पर्यटन बंद असते. बाकीच्या दिवसांत वारणावतीच्या वन कार्यालयात चौकशी करून, परवाना घेऊन, त्यांनी ठरवलेल्या वाहनातून वाटाड्याबरोबर जंगल बघायचे. मोपेड बाहेर ठेवायची. तंबू लावायचा तो उद्यानाबाहेर, एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात किंवा मालकाची परवानगी घेतलेल्या जागेत, जिथे हाक मारली तर माणूस येईल. ही अट पाळली की हदीसमध्ये ज्या रात्रीच्या एकटेपणाची भीती दाखवली आहे ती उरत नाही, आणि मुलाला त्याचा तंबूही मिळतो.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस नसतो, पण रात्री थंडी चांगली असते. पातळ चादरीवर भागत नाही.

मोपेडचा सवाल

आपा, तुम्ही लिहिता की एवढ्याशा गाडीवर डोंगर कसा चढायचा. गाडी छोटी आहे, कमजोर नाही. पाववाले, दूधवाले, भाजीवाले पोत्यांची ओझी घेऊन हीच गाडी चालवतात. तिला गिअर नाहीत, वेग वाढला की क्लच आपोआप धरतो. म्हणून चढावर ती हळू चालते आणि बराच वेळ चढली की तापते. तिला दर अर्ध्या-पाऊण तासाने दहा मिनिटे थांबवावे लागते. खरा धोका उतारावर असतो. वेग फार कमी झाला की हा क्लच सुटतो आणि मग गाडी इंजिनाने रोखली जात नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापला की धरत नाही. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतार उतरायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे मोडायची. वेग आधीपासून कमी, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, आणि मध्ये थांबून गार करणे. हे तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळते. तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.

सामानात जड वस्तू पुढच्या पाय ठेवायच्या जागी खाली, हलक्या मागे. हँडलला काही लटकवायचे नाही. एक ट्यूब, प्लग, पाने, हवेचा पंप. टाकी लहान असते, म्हणून शिराळ्यातच भरून घ्यायची. हेल्मेट हनुवटीचा पट्टा लावून. परवाना, गाडीची कागदपत्रे आणि विमा. गाडी अब्बांच्या नावावर असेल तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्या. हे काम सफर नसती तरी करायलाच हवे होते.

वाट अशी : साताऱ्याहून कराड, तिथून पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर आणि वारणावती. अंतर शंभर किलोमीटरहून बरेच जास्त आहे. मोपेडच्या चालीने, थांबे धरून, अर्ध्या दिवसाचे काम. महामार्गावर जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच धरायचा. फजर पढून निघावे, कराडच्या मनोऱ्यांच्या जुन्या मशिदीजवळ चहा घ्यावा, आणि असरच्या आत मुक्कामी पोहोचावे. मगरीबनंतर गाडी चालवायची नाही, ही अट पक्की. शिराळ्याच्या पुढे उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो, आणि जंगलाजवळ संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा सहसा आपणहून अंगावर येत नाही, पण बिथरला तर येऊ शकतो, आणि वळणावर तो मधोमध उभा असेल तर दुचाकीवाल्याला सावरायला जागा नसते.

तंबूतले आदाब

आपल्या दीनमध्ये तंबूत राहण्याची रीतही शिकवलेली आहे, हे वाचकांच्या लक्षात येत नाही. सहीह मुस्लिममध्ये प्रवाशांना सांगितले आहे की रात्री मुक्काम कराल तेव्हा वाटेपासून बाजूला उतरा, कारण रात्री ती वाट जनावरांची आणि विषारी किड्यांची असते. आजचा वनरक्षकही हेच सांगतो : पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर तंबू लावू नका. झोपण्याआधी दिवे आणि आग विझवा, भांडी झाकून ठेवा, या हदीसही बुखारी आणि मुस्लिममध्ये आहेत. थंडी वाजते म्हणून शेगडी तंबूत घेणारे लोक धुरातल्या विषारी वायूने झोपेतच जातात, आणि उघड्या अन्नाच्या वासाने जनावरे येतात. वाटेवर आणि लोक बसतात त्या सावलीत घाण करू नये, साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करावी, हेही शिकवले आहे. प्लॅस्टिकची पिशवी आणि बाटली परत घरी आणणे याच शिकवणीत बसते.

सापाचे भय तुम्ही लिहिलेले नाही, पण मनात असेलच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावू शकते. कधी कधी दंश जाणवतही नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण बंद ठेवायची, बूट आत घ्यायचे आणि सकाळी झटकून घालायचे, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यायची. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे, झाडफूक काहीही नको. हालचाल न करता थेट रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८, मदतीसाठी ११२ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्येही आणि कागदावरही लिहून द्या, कारण फोनची बॅटरी संपते.

नमाजचे सोपे आहे. हनफी मसलकप्रमाणे साधारण ७७-७८ किलोमीटरपेक्षा लांबची सफर असल्याने जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजरचे दोन आणि मगरीबचे तीन तसेच राहतात. कोकणातले आपले शाफई बांधव थोडे वेगळे अंतर धरतात, आणि त्यांच्याकडे सफरमध्ये दोन नमाज एकत्र करण्याची सवलत आहे. पाणी मिळालेच नाही तर तयम्मुम आहे. या भागातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. खाण्यासाठी घरून पोळ्या, खजूर, उकडलेली अंडी. गावात पिठले-भाकरी मिळाली तर आनंदाने खावी आणि खिलवणाऱ्याचे शुक्रिया मानावे.

फोन आणि ती खोडलेली ओळ

धरणाच्या वरच्या भागात फोन नीट लागेलच असे नाही. मुलगा दर तासाला फोन करील असे ठरवले, तर पहिला फोन चुकताच तुमचा जीव जाईल. त्यापेक्षा नमाजच्या वेळा धरा. फजरनंतर एक निरोप, मगरीबच्या आधी एक निरोप. तंबू लावण्याआधी ज्या घरी उतरणार त्यांचा क्रमांक त्याने तुम्हाला द्यावा. इशापर्यंत निरोप आला नाही तर आधी त्या घरी फोन, मग वन कार्यालय. ठरलेल्या वेळेआधी काळजी करायची नाही, आणि वेळ टळल्यावर वाट बघत बसायचे नाही. दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या अटी आहेत.

आता ती ओळ. तुमची ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. अनोळखी गावात एकट्या मुसलमान पोराला जास्त प्रश्न विचारले जातात, हे ज्यांनी अनुभवले त्यांना मी शिकवू नये. पण यावर दोनच मार्ग आहेत : घरात बसणे, किंवा उजळ माथ्याने, कागदपत्रांसह, आपले नाव सांगून जाणे. गावात पोहोचताच ज्यांच्या अंगणात राहायचे त्यांना पूर्ण नाव सांगावे, पोलीस पाटलांना भेटून कुठून आलो, कधी जाणार ते सांगावे. कोणी वाद घातला तर उत्तर न देता निघून यावे, त्यात कमीपणा नाही. आणि हेही सांगतो की खोऱ्यातली बहुतेक माणसे त्याला आधी विचारतील ती ही की, या गाडीवर एवढ्या लांबून आलास? जेवलास का? आपली मुले लोकांना भेटलीच नाहीत, तर लोकांना आपण फक्त बातम्यांतूनच कळणार.

आपा, तारीख ठरली की त्याला निरोपाची मसनून दुआ देऊन पाठवा. त्यात प्रवाशाचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कर्मांचा शेवट अल्लाहच्या हवाली केला जातो. मुलाला सफरची दुआ पाठ असेलच. प्रवास हा यातनेचा एक तुकडा आहे, काम झाले की घरच्यांकडे लवकर परता, या अर्थाची हदीस त्यालाही आठवून द्या. दोन रात्री म्हणजे दोनच रात्री.

बेटा, तुझ्यासाठी एवढेच. आज रात्री अम्मीबरोबर जेवायला बस. रस्त्याचा नकाशा काढून दस्तरखानावर ठेव आणि कुठे थांबणार ते बोटाने दाखव. त्या बाई आहेत म्हणून त्यांना रस्ता कळत नाही असे समजू नकोस. पाव विकायला पहाटे अब्बा निघायचे, तेव्हा रोज त्यांची वाट त्याच बघायच्या.

राहिली बहीण. तिच्यावर हसू नका. ती सतरा वर्षांची आहे, तीही दोन वर्षे त्याच घरात आहे, आणि तिचेही अब्बाच गेले आहेत. भाऊ तिचा महरम आहे. एकदा त्याने रस्ता, मुक्कामाचे घर आणि वन कार्यालय पाहून घेतले की सुट्टीत तुम्ही तिघे एसटीने जा. तंबू नको असेल तर खोली घ्या. जंगल पाहण्याचा आदेश फक्त मुलग्यांना दिलेला नाही.

अल्लाह आपल्या घरात सुकून देवो, प्रवाशाला सलामत नेवो आणि सलामत आणो, आणि मरहूम अब्बांना मगफिरत अता करो. आमीन.